वळणावरचा खांब

आराखडा मंजूर झाला, तर तिला खिडकी मिळणार होती. टॉवरच्या पाचव्या मजल्यावर तिच्या फर्मचं नवं ऑफिस, त्यात कोपऱ्यातली केबिन तिची, आणि खाली जुन्या तारघराच्या दर्शनी भागाची कौलं. सहा वर्षं झेरॉक्स मशीनला खेटून बसलेल्या आर्किटेक्टला एवढा मोह पुरे होतो. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं, आणि टॉवर उभा तारघराच्या पाठीवर. कागदावर सगळं चोख बसलं होतं. अडलं होतं वारसा-सल्लागाराच्या सहीपाशी.

तो भेटला तारघराच्या लाकडी जिन्यात. ती नकाशे काखेत मारून वर निघालेली, तो टेप गुंडाळत खाली. वळणावर जिना इतका अरुंद, की एकाने मागे सरल्याशिवाय दुसऱ्याची सुटका नाही.

“तुम्ही मागे व्हा ना.”

“झालो असतो… पण तुमचा खांब नेमका इथूनच वर जातोय. तो आला, की सगळ्यांनाच मागे व्हावं लागेल.”

“अहो, खांब खाली अडगळीच्या खोलीतून जातो! मी स्वतः—” ती थबकली. खोली होती खरी. पण त्या खोलीच्या डोक्यावरून जिना वळतो, हे तळमजल्याचा नकाशा कसा सांगणार? आणि वरचा नकाशा तिने घाईत पाहिलाच नव्हता.

त्याने तिचा हात कठड्यावर ठेवला. वळणापाशी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं.

“इथे सगळे थांबायचे.”

“तारा घेऊन धावणारी माणसं? ती कशाला थांबतील?”

“समोरून कोण येतंय, त्यावर असतं ना…”

ती हसली, आणि तिथेच फसली.

पुढे तो जिना दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा मोजला. जिना काही वाढत नव्हता.

शेवटी तिनेच तोड काढली. खांब तारघराच्या वरच थांबवायचा, त्याचा भार जाडजूड तुळयांवरून दोन्ही बाजूंना न्यायचा. तुळयांनी कौलांच्या लगेच वरचा पाचवा मजला अख्खा गिळला.

“अगं, तुझी केबिन गेली की त्यात!” फर्मचे थोरले साहेब म्हणाले.

“गेली, सर.”

“आणि हे हसत सांगतेस?”

आराखडा घेऊन ती त्याच्याकडे धावली.

“सही मी नाही करणार,” तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. “आता काय राहिलं? खांब तर काढला!”

“फाइल आमच्या वरिष्ठ बाईंकडे सोपवली. जिची मी दिवसभर वाट बघतो… तिच्या आराखड्यावर मीच सही करायची, हे बरं दिसत नाही.”

“पण तारघर वाचवायला किती भांडलास तू! आता तुझं नावही लागणार नाही त्यावर.”

“नसू दे,” तो म्हणाला. “मला अरे-तुरे केलंस, तेवढं पुरे.”

बाईंनी शंभर खुसपटं काढली, आणि सही केली.

उद्घाटनाच्या दिवशी वळणावर दोघं पुन्हा समोरासमोर आले.

“मागे हो ना,” ती म्हणाली.

“तू हो.”

कुणीच झालं नाही.

तिची खिडकी गेली, त्याचं नाव गेलं. पण दोघांच्या चेहऱ्यांवरून तोटा काही दिसत नव्हता. खरा भुर्दंड बसला तो खालच्या पायरीवर खोळंबलेल्या थोरल्या साहेबांना. मजला आधीच गेला होता, आता उद्घाटनाचा मुहूर्तही चालला होता.

“चालू द्या तुमचं,” ते घाम पुसत म्हणाले, “फक्त लग्नाचा हॉल तरी रुंद जिन्याचा बघा!”