दहावी सुपारी

दामोदर वागळे सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासत. तपासल्याशिवाय ते घरच्या आमटीवरही विश्वास ठेवत नसत. पण पत्नीचा, प्रतिमाबाईंचा, टायफॉइड काही केल्या उतरेना, डॉक्टरही नजर चुकवू लागले, तेव्हा मल्लेश्वरमच्या त्या भाड्याच्या घरात ऐन मे महिन्यात, भर दुपारी, नवग्रहांची शांत मांडली गेली.

पाटावर तांदळाच्या नऊ ढिगल्या, प्रत्येकीवर एक सुपारी. एक सुपारी, एक ग्रह.

"आचार्य, यात प्लूटो कुठाय?"

"ते कोण आणि?" पूजा सांगणारे भीमाचार्य बेळगावकडचे.

"सगळ्यात लांबचा. नुसता गोठलेला गोळा."

"त्याला आमच्यात मंत्र नाही, अण्णा."

"मंत्र राहू द्या, जागा द्या. तापावर गारच माणूस बरा." दामोदरांनी तबकातली सुपारी उचलून पाटाच्या कोपऱ्यात ठेवली. "या, बसा."

आचार्य हसले नाहीत. "चेष्टेनं बोलावलं तरी ते आवाहनच की हो."

आधी निरांजनातलं तूप थिजलं. मे महिन्यात! दामोदरांनी तुपातल्या भेसळीचा विचार केला. मग तांब्याची पळी बर्फासारखी बोटांना चिकटली. भेसळीचा विचार मागे पडला.

आतल्या खोलीतून प्रतिमाबाई म्हणाल्या, "अहो, माझ्या कपाळावर हात कुणी ठेवलाय?"

दामोदर धावले. खोलीत कुणी नव्हतं.

"असू दे," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "किती गार वाटतंय."

थर्मामीटर लावला. ताप उतरला होता. दामोदरांना हसू फुटलं. पुन्हा लावला. पारा आणखी खाली.

प्रतिमाबाईंचे ओठ निळे पडत चालले. "आता पुरे म्हणावं त्यांना..."

"आचार्य, पाठवा त्याला! आत्ता!"

आचार्यांनी अक्षता टाकून घाईघाईनं विसर्जनाचा मंत्र म्हटला.

खोली उबदार झाली. प्रतिमाबाईंच्या गालांवर रंग आला.

"हात गेला," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय हो. मऊ भात टाका ना. आणि मेतकूट."

इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. दामोदर हसत, डोळे पुसत बाहेर आले. "जिंकलंत, आचार्य! काय मंत्र आहे तो?"

आचार्य घाम पुसत होते.

"विसर्जनाचा. नेहमीचाच. सवयीनं पुरा म्हणून गेलो, अण्णा."

"मग?"

"शेवटी येतं ना... पुनरागमनाय च. पुन्हा या, म्हणून."

दोघांनी पाटाकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या सुपारीच्या वर, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, वाफेचा एक लहानसा ढग उमटला. कडाक्याच्या थंडीत कुणी हळूच 'बरं' म्हणावं, तसा.