रास अबेकूचा माइक

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच हातून घडलेली आहे. तेव्हा "भास झाला असेल" हे मला कुणी शिकवायला येऊ नये.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. मंगळवार, दुपारचे चार वाजायला पाच कमी. जागा, समुद्रकाठच्या एल्मिना गावातलं आमचं छोटंसं रेडिओ केंद्र.

मी एफुआ, तिथली तंत्रज्ञ. काचेच्या अलीकडे मी बसते, पलीकडे निवेदक. त्याच्या माइकची सरकती कळ माझ्यासमोर असते. वर केली की त्याचा आवाज साऱ्या किनाऱ्यावर. खाली ओढली की तो मुका.

निवेदक होता रास अबेकू. कमरेपर्यंत जटा. तरुणपणी रेगे गात शेजारच्या देशांत, आबिजान, लोमेपर्यंत फिरून आलेला. मग बँड फुटला, आणि पोट कुणाला चुकलंय? तो रेडिओवर आला आणि एकोणीस वर्षं दुसऱ्यांची गाणी वाजवत राहिला. मंगळवारी आमच्याकडे कुणी होडी पाण्यात घालत नाही, तो समुद्राच्या विसाव्याचा दिवस. सगळे कोळी वाळूत जाळी सांधत बसतात आणि शेजारी रेडिओ. म्हणून त्यानं मंगळवारच मागून घेतला होता.

मालकांचा एक नियम होता. निवेदकानं स्वतःचं गाणं लावायचं नाही.

"खानावळवाल्यानं आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायचं नसतं," आमचे मालक मिस्टर क्वान्सा म्हणायचे.

पण बारा वर्षांपूर्वी, कार्यक्रमाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, अबेकूनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. डोळे मिटले. आणि स्वतःचं नवं गाणं गायला लागला.

फोन खणखणला. मालक.

"बंद कर त्याला! काढ्याची जाहिरात लाव!"

मी कळ खाली ओढली.

वाटलं, बाहेर आला की सांगू. तो आला तो घामानं निथळत, डोळे चमकत.

"कसं झालं गं, एफुआ?"

"झकास, रास!"

झालं. एकदा घसरलेली जीभ अकरा वर्षं घसरतच राहिली. दर मंगळवारी तो डोळे मिटून गायचा आणि मी जाहिरात लावायची.

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी बसस्टँडवर छातीत दुखतंय म्हणून तो खाली बसला...

उठलाच नाही.

आठव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, त्याच्या घरासमोर मांडव पडला. शोकाचे काळे-लाल कपडे घालून सगळं गाव जमलं. मोठ्या स्पीकरवर आमचं केंद्र लावलेलं. "आज दिवसभर त्याचीच गाणी वाजवा," असा मालकांनी हुकूम सोडला. माणूस मेला की मालकांनाही पाझर फुटतो! मला त्यांची चीड आली. स्वतःची त्याहून जास्त.

ते गाणं त्यानं टाकोराडीच्या स्टुडिओत रेकॉर्ड करून त्याची सीडी माझ्या खणात ठेवली होती. चारला पाच कमी असताना मी ती पहिल्यांदाच लावली.

ड्रम आले. बेस आला. गिटार आली...

आवाज आलाच नाही.

वाद्यं नीट वाजत होती. मधे मधे थांबून गाणाऱ्यासाठी जागा सोडत होती. गाणाराच नव्हता.

मी सीडी बघायला वाकले आणि...

काटा दिसला.

पलीकडच्या माइकचा, आवाज आत आला की हलणारा काटा. हलत होता. गिटार थांबली की वर... सुरू झाली की खाली. कुणी गात असावं तसा.

पलीकडे कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी.

मी कळ पूर्ण वर केली.

काही नाही. श्वाससुद्धा नाही.

आणि फोन सुरू झाले.

"काय गळा होता हो!"

"रडवलं बघा रासनं!"

एकामागून एक. हे लोक ऐकत काय होते?

शेवटचा फोन त्याच्या आईचा, आंटी अराबाचा.

"एफुआ, माझ्या लेकाचा आवाज कुठंय गं? एकदा तरी ऐकव."

टाकोराडीचा स्टुडिओवाला शपथेवर सांगतो, गायला होता. आमच्या दुरुस्तीवाल्यानं तारा बदलल्या, माइक बदलला. तरी दर मंगळवारी त्याच वेळी काटा हलायचाच. मी कळ वरच ठेवायची. माझा आवाज त्या खोलीत पोचवायचं एक बटण असतं. ते दाबून मी म्हणायची, "रास, माइक उघडा आहे. गा ना."

शेवटी न राहवून मी आंटीला सांगितलं. पुढच्या मंगळवारी ती आली. अंगाला धुरी दिलेल्या मासळीचा वास. माझ्या खांद्याशी उभी राहिली.

"हलतोय... म्हणजे गातोय?"

"गातोय."

"काय गातोय?"

"मला नाही माहीत, आंटी." मला हुंदका आला. "काचेतून ऐकू येत नाही. मीच त्याचा माइक बंद करायचे. अकरा वर्षं."

वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ती काढ्याची जाहिरात आम्हाला तोंडपाठ आहे. घरी आला की विचारायचा, आई, ऐकलंस? मी म्हणायचे, ऐकलं रे बाळा, रडू आलं. बुडालेल्या बापावर रचलं होतं म्हणे. घरी म्हण म्हटलं तर म्हणायचा, ऐकलंस ना रेडिओवर? मग काय बोलणार मी? किनाऱ्यावर सगळ्यांना मीच दम भरला होता, खबरदार कुणी खरं सांगितलंत तर! सगळे त्याला म्हणायचे, काय गळा आहे, रास! पण एकानंही कधी ऐकलं नाही गं त्याचं गाणं. एकानंही नाही..."

काटा पडला.

गाण्याच्या मधेच. चारला अजून दोन मिनिटं होती.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. बोट त्या बटणावरच होतं...

दाबलेलं.

त्यानंतर काटा पुन्हा हलला नाही. गावात म्हणतात, रासला शांती मिळाली. मंगळवारी चार वाजत आले की मला अजून त्या खोलीकडे बघवत नाही.

मेला तेव्हा त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आम्ही त्याला मेल्यावर ऐकवलं.