पोत्यातलं जनावर

पाणवठ्यावर रक्त सांडलेलं होतं आणि हरीण नव्हतं. मातीत काळविटाच्या खुरांची झटापट दिसत होती. ओढत नेल्याची खूण गाडीरस्त्यावर येऊन संपली होती. हरीण नर होतं की मादी, तेही कळायला मार्ग नव्हता. वनपाल करुणा खरातच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्यात रविवार. शहरातून आलेल्या गाड्या अभयारण्याच्या फाटकावर खोळंबल्या होत्या आणि एकीत गाणी दणदणत होती. यांना जंगल शांत हवं असतं, फक्त स्वतःचा गोंगाट घरी ठेवून येणं जमत नाही.

चौकीत चोर आयताच पकडून ठेवला होता. शेजारच्या रिसॉर्टचे मालक राजेंद्रशेठ यांनी वनमजूर कडुबाला दंडाला धरून आणलं होतं. शेठ शहरात वाढलेले, गावाशी त्यांचा संबंध जमिनीपुरता. काल दिवेलागणीला कडुबा जंगलाच्या वाटेवर पोतं घेऊन दिसला, विचारलं तर जनावर आहे म्हणाला, असं ते सांगत होते. गुन्हा दाखल झाला की कडुबाचं काम जाणार होतं, वर तुरुंग होताच.

"मामा, पोत्यात काय होतं?" करुणानं विचारलं.

"जनावर," कडुबा म्हणाला.

दारात त्याची बायको मनकर्णाबाई उभी होती. "आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात निघालं व्हतं, बाई. मीच म्हणलं, मारू नका, लांब न्या."

शेठ हसले. "खुराड्यात हरीण? थाप तरी नीट मारा."

करुणा मूळची याच भागातल्या पाचोडची. ती हसली नाही. शेठकडे वळून तिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही पोतं नीट पाहिलंत?"

"या डोळ्यांनी. तोंड बांधता येत नव्हतं. पीळदार शिंगं बाहेर आलेली."

उचलली जीभ लावली टाळ्याला. करुणानं वनरक्षक सांडूला बाहेर नेऊन हळू आवाजात काही सांगितलं आणि त्याला मोटारसायकलवर पिटाळलं. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, तिनं ऐकून घेतला आणि शेठसमोर उभी राहिली.

"पोत्यात साप होता, शेठ. आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीच; जनावर म्हणतात. तुम्ही शब्द ऐकला आणि त्यावर खोटं रचलंत. पण सापाला शिंगं नसतात."

शेठ दाराकडे सरकू लागले. करुणा आडवी आली.

"काळविटात शिंगं नरालाच असतात. रक्तावरून नर की मादी ते मलाही कळलं नाही. शिंगं पाहिली ती मारणाऱ्यानंच. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजरमध्ये मटणाखाली मुंडकं सापडलंय, शिंगांसकट."

पाहुण्यांनी हट्टच धरला होता, असं शेठ पुटपुटले. करुणाला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं पंचनामा लिहायला घेतला.

कडुबा दंड चोळत इतका वेळ खाली बघत होता. आता त्यानं मान वर केली.

"बाई, माझं जनावर लई इखारी व्हतं, तरी म्या सोडलं," तो म्हणाला. "हे मातुर तुमी सोडू नका."