लालपेननं शोधलेला पुरावा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कारण ही घटना खरी आहे. ज्याच्यासोबत घडली तो माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. त्याच्याबद्दल तिखटमीठ लावून सांगण्यात मला काडीचा रस नाही. उलट हा माणूस घाबरला, याचा आधी मला आनंदच झाला होता.

आधी...

शनिवार. अर्ध्या दिवसाची शाळा सुटलेली. दुपारचे अडीच. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. चार कॉम्प्युटर, चार हेडफोन, खिडकीला निळा पडदा.

मेहुणा भाषेचा मास्तर. सव्वीस वर्षं एकाच शाळेत. पोरं त्याला लालपेन म्हणतात, आणि तो या नावावर खूश आहे. यावरून काय ते समजा.

ती खोली कुणासाठी? ज्या मुलांना अक्षरं जागेवर बसलेली दिसत नाहीत त्यांच्यासाठी. तिथलं सॉफ्टवेअर धडा मोठ्यानं वाचून दाखवतं आणि प्रत्येक शब्दाखाली पिवळी पट्टी सरकत जाते. मूल माइकमध्ये बोलतं, ते टाइप करून देतं. एक बाई हे सगळं शिकवतात.

सातवीतली एक मुलगी रोज तिथे बसायची. तोंडी विचारा, धडाधड उत्तर. पेन हातात द्या, पोरीला घाम. तिला परीक्षेत हे सॉफ्टवेअर वापरायची परवानगी हवी होती. त्यासाठी वर्गशिक्षकाचा शेरा लागायचा. गरज आहे, किंवा गरज नाही.

वर्गशिक्षक कोण? आमचे लालपेन!

सोमवारी फॉर्म द्यायचा होता. 'गरज नाही' लिहिलं की पोरगी नापास, हे शिपायालाही कळत होतं.

"यंत्र वाचणार, यंत्र लिहिणार," लालपेन सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाला. "मग ही परीक्षेत काय करणार? हवा खाणार?"

"उत्तर मी देते सर," मुलगी म्हणाली. "ते फक्त उतरवून घेतं."

"तोंड वर करून बोलतेस?"

बाई म्हणाल्या, "सर, तुमचा चष्मा काढून वाचा बघू."

"चष्मा मला उत्तरं सांगत नाही, बाई! मी पुराव्यासकट दाखवतो."

या माणसाला मोबाइलवर फोटो पाठवायचा तर माझ्या बायकोला हाका मारतो. आणि हा निघाला यंत्राची चोरी पकडायला!

त्याची अक्कल अशी चालली... माइक चालू करायचा आणि तोंड बंद ठेवून बसायचं. कुणी न बोलता एक जरी शब्द उमटला, तर यंत्र आपल्या मनानं उत्तरं लिहितं हे सिद्ध.

बाईंकडून किल्ली घेतली. बाई घरी गेल्या. मजला रिकामा.

लालपेननं हेडफोन चढवला. माइक चालू केला. हाताची घडी घालून बसला.

एक मिनिट.

दोन मिनिटं.

काहीच नाही.

मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक अक्षर आलं...

मा

लालपेन खुर्चीतून उठायचा बाकी राहिला. सापडली चोरी! घाईघाईनं खिशातून मोबाइल काढला, फोटो घ्यायला.

आणखी अक्षरं आली. एकेक करून. थांबत थांबत.

मा... झ्या... बा... बां...

माइकच्या खुणेशेजारी हिरवी रेघ असते. कुणी बोललं की ती वर जाते.

ती वर-खाली होत होती.

लालपेननं श्वास रोखून पाहिला. तरीही होत होती.

मग हेडफोनमध्ये वाचणारा आवाज सुरू झाला. रोजचाच, यंत्राचा सपाट आवाज. तो कधी अडखळत नाही. अडखळायला त्याला भीती वाटावी लागते.

तो अडखळत होता.

"मा... माझ्या... बा... बां... बांधा..."

थांबला.

आणि टाळी वाजली.

एक माणूस वाजवतो तशी नव्हे. चाळीस-पन्नास हातांची, एकदम, एकच.

लालपेनच्या मानेवर काटा आला. कारण ही टाळी त्याचीच होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी पाचवीच्या वर्गात त्यानं नियम काढला होता. कच्च्या मुलानं फळ्यापाशी उभं राहून धडा वाचायचा. चुकलं की सगळ्या वर्गानं एक टाळी वाजवायची. गंमत म्हणून.

एक मुलगी होती. बांधावरच्या झाडाचा धडा. पहिली ओळ तिला कधीच ओलांडता आली नाही. रोज उभी राहायची, रोज टाळ्या. एके दिवशी आली नाही. आठवड्यानं निरोप आला, तापात गेली.

"ताप होता. माझा काय संबंध?" असं तो तेव्हा म्हणाला होता. मला माहीत आहे, कारण मोठ्या ऐटीत तो हे आमच्या घरी सांगत असे.

तो धडा पुस्तकातून जाऊन वीस वर्षं झाली.

"मा... माझ्या... बां..."

टाळी.

त्यानं हेडफोन ओरबाडून काढला.

पुढची टाळी खोलीत वाजली...

त्याच्या पाठीमागे.

वॉचमननं त्याला तीन वाजायला दहा मिनिटं कमी असताना जिन्यावरून पळत उतरताना पाहिलं. एका पायात बूट नव्हता.

रविवारी स्वारी आमच्या दारात हजर.

"काय जावईबापू, हे तुमचंच काम ना?"

त्याचा संशय चुकीचा नव्हता. लग्नातच मी त्याच्या फेट्यात घुंगरू शिवलं होतं. पण आईशप्पथ, यात माझा हात नव्हता. त्यानं सगळं सांगितलं आणि मी पोटभर हसलो. तो हसला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

सोमवारी मुख्याध्यापकांनी फॉर्म मागितला. त्यानं न बघता 'गरज आहे' लिहिलं. "द्या तिला. सगळ्यांना द्या," म्हणाला आणि सुटीचा अर्ज ठेवून गेला.

पोरीला परवानगी मिळाली. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

पण माझ्यावरचा आळ तसाच होता. म्हणून मी बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "सॉफ्टवेअर माइकचा आवाज साठवून ठेवतं. सरांनी तर ते बंदच केलं नव्हतं. बघू या."

शनिवारची फाइल निघाली. सव्वापाच तासांची.

लालपेन तिथे वीस मिनिटंही नव्हता.

आम्ही ऐकलं. पहिली काही मिनिटं सोडून पुढे नेलं, तर खुर्ची पडल्याचा आवाज. धावणारी पावलं. दार आपटलं.

मग शांतता...

मग एका लहान मुलीचा आवाज. यंत्राचा नाही. "मा... माझ्या..."

आता टाळ्या नव्हत्या. टाळ्या वाजवायला सांगणारा पळून गेला होता.

बाईंनी एक तास पुढे नेलं. ती दुसऱ्या ओळीवर होती. तीन तास पुढे नेलं. जवळजवळ न थांबता वाचत होती.

शेवटच्या दहा मिनिटांत तिनं अख्खा धडा वाचला. पहिल्यापासून. एकही चूक नाही.

आणि थांबली. कुणी काही म्हणेल याची वाट बघावी तशी...

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "कोण आहे हो ही मुलगी?"

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तो नियम, त्या टाळ्या... लालपेननं आमच्या घरी पहिल्यांदा रंगवून सांगितल्या, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो.

फाइल अजून त्या कॉम्प्युटरवर आहे. बाई पुसत नाहीत.

परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, फाइल आता सहा तासांची झाली आहे.

पुढचं ऐकायला या म्हणाल्या.

मी गेलो नाही.