एकशे दहा मिनिटं

इस्पितळात औषधं हाताळणाऱ्या लॉर्ना व्हिकरीवर आळ असा होता : किरणोत्सारी औषध तिने सांडलं, बाटलीत पाणी घालून पातळी सारखी केली आणि गप्प बसली.

तिने आपल्या जुन्या गणिताच्या बाईंना बोलावलं. बेरिल हार्गन आता खासगी गुप्तहेर होत्या. सोबत निवृत्त हवालदार क्लाइव्ह. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या त्या इस्पितळाच्या पायऱ्या चढतानाच त्याला धाप लागली.

“सकाळी आठला इथे औषधाचा जोर मोजला, आठशे भरला,” डॉक्टर केंबल म्हणाले. “तो दर सहा तासांनी निम्मा होतो. अकरा चाळीसला सव्वापाचशे हवा होता. भरला दोनशे!”

“मी बाटली उघडलीच नाही, मिस,” लॉर्ना पुटपुटली.

औषध आणणारा वॉली ट्रेगिअर दारातच उभा होता. “मी फक्त शिशाची दोन भांडी आणली. इथलं भलतंच जड, पाठच धरली. इप्स्विचच्या इस्पितळात दिलं ते हलकं.”

बेरिलबाईंनी भांडं न्याहाळलं. चिठ्ठीवर नवी चिकटपट्टी होती.

“दीडला पुन्हा मोजा,” त्या म्हणाल्या.

“पोरगी खोटं बोलतेय,” क्लाइव्ह कुजबुजला.

दीड वाजता काटा शंभरावर होता.

“घ्या! अजून सांडलं?” क्लाइव्ह म्हणाला.

“बाटली तर तेव्हापासून डॉक्टरांच्या कुलपात होती,” बेरिलबाई म्हणाल्या. “अरे, पाणी घातलं तर जोर एकदाच घटतो. पुढची उतरण तीच राहते. दोनशेचे आत्ता एकशेसाठ उरले असते. उरले शंभर. एकशे दहा मिनिटांत निम्मे. आठपासून अकरा चाळीसपर्यंत दोनशे वीस मिनिटं, म्हणजे दोनदा निम्मे : आठशेचे चारशे, चारशेचे दोनशे. चोख! हे औषधच दुसरं आहे. त्याची किरणं तीव्र, म्हणून भांड्याचं शिसं जाड. वॉली, चिठ्ठ्या निघाल्या होत्या ना?”

वॉलीचा चेहरा उतरला. “वाटेत दोन्ही गळून पडल्या. अंदाजाने लावल्या. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही.”

“मग इथे यायचं औषध इप्स्विचला आहे! फोन लावा!”

तिकडच्या नर्सने सुई भरली होती. रुग्ण बाही वर करून बसला होता. टोचायची तेवढी राहिली होती.

केंबलनी फोन ठेवला. “लॉर्ना, माफ कर,” म्हणाले आणि तणतणत वॉलीकडे वळले. तो दाराच्या चौकटीला टेकला.

लॉर्नाने खुर्ची पुढे ओढली. “थांबा, डॉक्टर. आधी बसू दे त्याला. सकाळपासून मला कुणी बस म्हटलं नाही.”