दहा लाख एक

कल्पना करा, माणिकपूरला इनेझ टीचरच्या शिकवणीत तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. फळ्यावर ९१ लिहिलंय आणि दारात एक उंच माणूस छत्री झटकतोय. हा नॅन्सीचा रायनकाका, पुतणीला न्यायला पहिल्यांदाच आलेला.

"मूळ संख्या," तो मुलांच्या आधीच बोलून मोकळा.

"तेरा सत्ते एक्क्याण्णव," इनेझ म्हणाली. "बसा खाली, काका."

वर्ग हसला. तोही हसला, आणि खरंच बसला.

मग तो रोजच येऊ लागला. वाडीतला सोनचाफा टेबलावर ठेवायचा नि एखादी संख्या विचारायचा. एक आणि स्वतः सोडून जिला कुणी भागत नाही ती मूळ, भागणारं कुणी असेल ती संयुक्त, हे त्याला केव्हाच पाठ झालं होतं.

"आणि तुम्ही कुठल्या, टीचर?"

"मूळ. कुणाच्या पाढ्यात न येणारी."

"तपासून पाहिलंय?"

इनेझने घाईघाईने फळा पुसला... तो आधीच कोरा होता.

एका शनिवारी मुलं गेली, नॅन्सी तेवढी दप्तर भरत होती. रायन आज गंभीर होता.

"उद्या चर्चमधली मिस्सा झाल्यावर माझे काका तुमच्या घरी मागणी घेऊन येतायत. मनात नसेल तर आत्ताच सांगा, मी त्यांना थांबवतो. घरच्यांसमोर तुम्हाला अवघड नको."

मन हो म्हणत होतं, पण जीभ वळेना. तिने खडू घेऊन लिहिलं — १०,००,००१.

"मूळ निघाली तर थांबवा. भागणारं कुणी निघालं तर... येऊ देत."

ती भागत सुटली. तीन, सात, अकरा... बाकी उरतच होती. एकोणनव्वद. सत्त्याण्णव. उरलीच.

"मूळ," ती कशीबशी म्हणाली. तिने खडू खाली ठेवला.

"बरं." रायनने छत्री उचलली.

"टीचर, शंभरच्या आत का थांबलात?" नॅन्सीने विचारलं. "ते आपल्या चार अंकींना पुरतं. ही सात अंकी आहे. हजार गुणिले हजार दहा लाख, म्हणजे हजारापर्यंत जायचं ना?"

वर्षभर चार अंकीच शिकवून इनेझचा हात सवयीने थांबला होता.

नॅन्सीने सत्त्याण्णवच्या पुढची मूळ संख्या घेतली, एकशे एक. भागलं. उत्तर ९,९०१, बाकी शून्य.

"आणि ही ९,९०१?" रायनने दबक्या आवाजात विचारलं.

"मूळच. शंभरच्या आतलं कुणी त्या मोठीला भागलं नाही, हिला कुठून भागेल?" इनेझने दोन्ही संख्यांकडे पाहिलं. "दोघीही कुणाच्या पाढ्यात न येणाऱ्या... आणि तरी एकमेकींसोबत." मग खाली मान घालून म्हणाली, "तुमच्या काकांना म्हणावं, जरा उशिरा या. घर आवरायचंय."

नॅन्सीने हातांचा खडू झटकला. काकाच्या हातातली छत्री काढून घेतली.

"मी पायरीवर थांबते," ती म्हणाली, आणि जाताना दार ओढून घेतलं.