आत्ता खेळणारे : दोन

मोबाइल ठेवा बघू खाली. गोष्ट त्याच जातीच्या यंत्राची आहे, म्हणून म्हणतो.

आमच्या ऑफिसात चष्म्या म्हणून एक होता. ना आगा ना पिछा. दिवसभर आमच्याबरोबर काम, आणि घरी गेला की स्वतःचा कॉम्प्युटर गेम बनवायचा. आम्ही म्हणायचो, याचं लग्न कीबोर्डशीच लागलंय. गेममध्ये एक रिकामं घर, हुबेहूब त्याच्या भाड्याच्या घरासारखं. खोल्यांतून फिरायचं, दिवे लावायचे, बस्स. पण खेळायला कुणी नाही. मग त्याने गेम वेबसाइटला जोडायचं ठरवलं. सोय साधीच. आत्ता किती जण खेळतायत तो आकडा कोपऱ्यात दिसणार, दुसरा खेळाडू घरात चालताना दिसणार, आणि एकमेकांना एखादी ओळ लिहिता येणार.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्री साडेअकराला त्याचा फोन.

"अरे, आकडा दोन झाला!"

"मग पेढे काढ की! गिऱ्हाईक आलं."

"पण वेबसाइटचा पत्ता मी अजून कुणालाच दिलेला नाही."

"तुझंच काहीतरी चुकलं असेल."

"नाही रे. जिन्यापाशी उभी आहे. बाई आहे... मी गेममध्ये बाई काढलेलीच नाही."

माझी झोप उडाली. "लिहून विचार, कोण म्हणून."

कीबोर्ड टकटकला.

"काय म्हणाली?"

"म्हणते... एकटाच असतोस का?"

"नेटची वायर काढ आधी."

"काढली."

"मग?"

"अजून दोनच आहेत. एकेक दिवा मालवत येतेय. स्वयंपाकघर गेलं... जिना गेला..."

"बाहेर पड! घराबाहेर पड!"

"खोलीच्या दारात आहे."

नुसता श्वास ऐकू येत होता. त्याचा. मग अगदी हळू, लाजल्यासारखा म्हणाला,

"मी 'हो' लिहिलं रे."

फोन बंद.

भावाला उठवलं, स्कूटर काढली. दाराला आतून कडी. हाका मारल्या. शेवटी दार फोडलं.

आत मिट्ट काळोख. भावाने बॅटरी मारली. चष्म्या खुर्चीत गाढ झोपलेला. इतका शांत चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. अंगावर लोकरीची शाल. कडा नीट खोचलेल्या, झोपलेल्या लेकराला पांघरतात ना, तशा.

हलवून उठवला. "शाल कुणाची?"

त्याने खाली पाहिलं.

"माझ्याकडे शाल नाही."

घर सोड म्हणून आम्ही पुष्कळ विनवलं. हसला फक्त. अजून तिथेच राहतो.

शाल मी हातात घेऊन पाहिली होती. एका टोकाला विणायच्या दोन्ही सुया तशाच अडकलेल्या होत्या.

पुरी व्हायची होती अजून...